ऐकणाऱ्याचा हक्क

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ख्रिस्ताचे नाव पोचते ते बहुधा दुखण्याच्या वाटेने. ताप उतरत नाही, घरधन्याची दारू सुटत नाही, भगत झाला, सरकारी दवाखाना झाला. मग शेजारीण सांगते, रविवारी अमक्याच्या घरी प्रार्थना असते, ये. ती जाते. पुढे तिच्याबद्दल बोलणारे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, आत्मा वाचला. दुसरा म्हणतो, भोळ्या आदिवासीला फसवले. त्या कातकरी किंवा ठाकूर बाईला स्वतःचे मन आहे, ही गोष्ट दोघांच्याही बोलण्यात कुठे येत नाही. मला हे फार खुपते. वीटभट्टीच्या उचलीखाली संसार ओढणाऱ्या बाईला देवाविषयी ऐकून काही ठरवता येणार नाही, असे आपण कशावरून धरून चालतो?

हा मुलूख नव्या देवाच्या गोष्टीला बिचकणारा कधीच नव्हता. कल्याण बंदरातला माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटातल्या सातवाहन लेखाचा आरंभ इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांच्या वंदनाने होतो आणि घाट चढून गेले की जुन्नरभोवती बौद्ध लेणीच लेणी. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लिआना’ बंदरात इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे लिहून ठेवले. ते बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात.

याच कल्याणात कवी नारायण वामन टिळक लहानपणी शाळा शिकले. पुढे आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थबकले, वाचत राहिले, स्वतःशी झगडले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मला टिळकांपेक्षाही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट मोठी वाटते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्या तरी आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवली, आणि टिळकांनी ती राहू दिली. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हा त्या सगळ्यांच्या हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा 1900 साली घेतला. श्रद्धा सांगणाऱ्याने घरातल्याच माणसासाठी इतका काळ थांबणे, याला मी खरा प्रचार म्हणते.

टिळकांनी तुकोबांना टाकले नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. त्यांचे अभंग मराठी चर्चमध्ये आजही म्हटले जातात. मग पाड्यावर येऊन गावदेव आणि वाघोबा यांना एका दमात सैतान ठरवणाऱ्या प्रचारकाने टिळकांकडून काय घेतले? ज्याने समोरच्याचा देव ऐकून घेतला नाही, त्याला स्वतःचा देव सांगण्याची घाई शोभत नाही.

राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. हे मला मान्य आहे. धर्म बदलायचा की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. ज्या शहापुरात तानसा आणि भातसा मुंबईसाठी भरतात आणि उन्हाळ्यात पाडे टँकरची वाट बघतात, तिथे औषध, शाळा किंवा धान्य यांना श्रद्धेची अट चिकटली, की ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य तिथेच संपते. पण प्रार्थनेला गेली म्हणून तिला वाळीत टाकणे, जमातीचा दाखला जाईल असा धाक घालणे, यानेही ते संपतेच. अनुसूचित जमातींच्या 1950च्या आदेशात धर्माची अट नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवे.

दिवाळी सरली की पाडे रिकामे होतात, कुटुंबे भट्ट्यांवर जातात. त्याआधी तिच्या ओट्यावर जाणाऱ्यांना, मग ते बायबल घेऊन जाणारे असोत की तिला परत आणायला निघालेले, माझी हात जोडून विनंती आहे: आधी बसा, तिला बोलू द्या, आणि ती ‘नाही’ म्हणाली तरी तिच्याशी पहिल्यासारखेच वागा.