आधी घराणं, मग जनुक

तालमीत जोर मारणारा किंवा शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणारा तरुण अचानक कोसळला, की ‘अटॅक आला’ एवढ्यावर कोल्हापुरात विषय मिटतो. पण ऐन तारुण्यातल्या अशा मृत्यूमागे रक्तवाहिनी तुंबण्याऐवजी आनुवंशिक विकारही असू शकतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा त्यांतला प्रमुख. यात रक्तदाबासारखं कारण नसतानाही हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. साधारण ५०० माणसांत एकाला हा विकार असतो. त्याला कारण असलेला जनुकदोष आई किंवा वडिलांत असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणूनच एकाचं निदान झालं की ती अख्ख्या घराला दिलेली सूचना असते. जनुकीय चाचणी हवीच. पण तिची सुरुवात रुग्णापासून आणि त्याच्या नात्यागोत्यापासून व्हावी, निरोगी माणसाने हौसेने घेतलेल्या पॅकेजपासून नव्हे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते एका भारतीय संशोधनातूनच दिसतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयस्नायूच्या एका जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा सुमारे ४ टक्के भारतीयांत गळालेला आढळला. हे प्रमाण प्रांताप्रांतांत बदलतं. तरी ते कोल्हापूर जिल्ह्याच्या २०११ च्या जवळपास ३९ लाख लोकसंख्येला लावून पाहिलं, तर दीड लाखांवर माणसं भरतात. ती सगळी आजारी नाहीत. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर झालेल्या अभ्यासातून असं पुढे आलं, की धोका मुख्यतः सोबत आणखी एक बदल असणाऱ्या थोड्या लोकांत दिसतो. नुसता अहवाल हातात पडला तर निरोगी माणूस उगाच हवालदिल होईल. उलट, ‘काही सापडलं नाही’ या शब्दांवर विसंबून घरात खरोखर विकार असलेला माणूस गाफील राहील.

घराण्यापासून सुरुवात केली की याच चाचणीला अर्थ येतो. आधी ईसीजी आणि टूडी इकोवर रुग्णाचं निदान पक्कं करायचं, मग जांभळ्या टोपणाच्या नळीत त्याचं रक्त घ्यायचं. रोगकारक दोष निश्चित झाला, तर भावंडांत आणि मुलांत फक्त तेवढाच दोष शोधायचा. ज्याच्यात तो नाही, त्याची वर्षानुवर्षांच्या इकोतून सुटका. ज्याच्यात आहे, त्याच्यावर नियमित लक्ष. मात्र तपासायच्या नातेवाइकांची यादी करताना आपली सवय आडवी येते. आपल्याकडे भावकी तोंडपाठ असते, हेळव्यांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ मिळते. पण ती चालते मुलग्यांच्या बाजूने. जनुक मात्र सासरी गेलेल्या लेकीबरोबरही जातो. त्यामुळे इचलकरंजीला दिलेली बहीण आणि तिची मुलं यादीत नसतील, तर तपासणी अर्धीच.

यावर आक्षेप आहेत, आणि ते फुटकळ नाहीत. पहिला खर्चाचा : साधा ईसीजी पुरणार नाही का? इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची तपासणी सक्तीची केली आणि तिथल्या व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे अचानक मृत्यू सुमारे ८९ टक्क्यांनी घटले. ते यश ईसीजीचं होतं, जनुकांचं नव्हे. म्हणूनच तालमीच्या दारात ईसीजीच हवा. जनुकीय चाचणी फक्त बाधित घरांसाठी, म्हणजे खर्चही आटोक्यात. शिवाय अनेक रुग्णांत दोष सापडतच नाही; तिथे नातेवाइकांना इकोच करत राहावं लागतं. दुसरा आक्षेप विम्याचा आणि लग्नाचा. याच विकाराच्या एका रुग्णाचा दावा विमा कंपनीने ‘आनुवंशिक’ म्हणून नाकारला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने असा सरसकट अपवाद भेदभाव ठरवला आणि पाठोपाठ विमा नियामकानेही त्या कारणाने दावे न नाकारण्याची सूचना दिली. स्थळ मोडेल ही भीती मात्र कोर्टात मिटणारी नाही. त्यासाठी अहवाल गुप्त राहण्याची हमी आणि चाचणीआधी समुपदेशन हवं. पण लपवल्याने दोष जात नाही. तो पुढच्या पिढीत न सांगता उतरतो.

सीपीआर रुग्णालयापासून खासगी दवाखान्यापर्यंत प्रत्येक केसपेपरवर ‘घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का?’ हा प्रश्न आला पाहिजे, आणि तरुण माणसाच्या शवविच्छेदनानंतर नातेवाइकांना ‘तुम्हीही तपासून घ्या’ असं लेखी सांगितलं गेलं पाहिजे. तोवर वाचकांनी निदान एवढं करावं : आपल्या घरातल्या अशा मृत्यूची माहिती, आईच्या माहेरची धरून, डॉक्टरांना आपणहून सांगावी.