साग आणि धामण



यशया संदेष्ट्याच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात एका सुताराचे वर्णन आहे, ते आपणांपैकी बहुतेकांनी वाचले असेल. तो रानात जाऊन झाडे निवडितो. एक झाड तर तो स्वतःच्या हाताने लावितो, आणि त्यास वाढविण्याचे काम पाऊस करितो. पुढे त्याच लाकडातून काही चुलीत जाते व त्यावर त्याची भाकर भाजून निघते, आणि जे उरते त्यापुढे तो हात जोडून बसतो. इंग्लंडात १६११ साली शास्त्राचे जे भाषांतर छापले गेले, त्यात ह्या ठिकाणी ओक आणि ॲश अशी दोन झाडांची नावे आहेत. त्यांपैकी ॲश हे नाव संशयाचे आहे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ कोणी देवदार करितात, कोणी चीड, तर कोणी लॉरेल. परंतु त्या जुन्या भाषांतरकारांस आम्ही दोष देत नाही. वाचकाच्या डोळ्यांपुढे झाड उभे राहिले पाहिजे, म्हणून त्यांनी आपल्याच रानातली झाडे घातली.

आपणही तेच करावे. कारण ओक आणि ॲश ह्यांपैकी एकही झाड आपल्या डोंगरांत होत नाही. ओकाचा एक भाऊ बांज नावाने कुमाऊँच्या थंड डोंगरांवर वाढतो. बागांतून ज्यास सिल्वर ओक म्हणतात तो ऑस्ट्रेलियातून आलेला असून नावापुरताच ओक आहे. इंग्लंडच्या लोकांना मात्र ह्या दोन झाडांची कामे पाठ होती. ओक सावकाश वाढतो, शेकडो वर्षे जगतो, आणि त्याच्या जड व कसदार लाकडाच्या तुळया, पिंपे व जहाजे होतात. ॲश लवकर वाढतो व लवकर तोडला जातो. त्याचे लाकूड चिवट असल्यामुळे कुऱ्हाडीचे दांडे, गाडीची चाके व वल्ही त्याची करीत. अलीकडे त्या झाडावर बुरशीचा मोठा रोग पडला आहे. १९९२ च्या सुमारास पोलंडात तो प्रथम दिसला आणि २०१२ साली इंग्लंडात पोहोचला.

बोरिवली आणि मुलुंड ह्यांच्या मध्ये जो डोंगराळ मुलूख आहे, त्यात आज शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले आहे. मुंबईला पाणी देण्यासाठी १८६० साली बांधलेला विहार तलाव व १८७९ सालचा तुळशी तलाव त्याच रानाच्या उतारांवर पडणाऱ्या पावसाने भरतात. ह्या रानात ओकाचे काम साग करितो, आणि ॲशचे काम धामण करिते, असे आमचे मत आहे. धामण म्हटले की पुष्कळांस साप आठवतो, पण आम्ही झाडाविषयी बोलत आहोत. आयुर्वेदात ह्याच झाडास धन्वन म्हणतात. धनुष्याशी नाते सांगणारे ते नाव त्यास शोभते, कारण त्याचे लाकूड वाकते आणि मोडत नाही.

सागाची ओळख करून द्यावयास नको. त्यास भरपूर पाऊस लागतो आणि त्यानंतर तीनचार महिने कोरडेही लागतात. हे दोन्ही कोकणात त्यास मिळते. मात्र मुळाशी पाणी साचलेले त्यास मुळीच सोसत नाही. २००५ सालच्या २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डोंगराच्या उतारावरील सागास असल्या पावसाचे भय थोडे, कारण पाणी त्याच्या पायांखालून निघून जाते. खाजणालगतच्या चिकण मातीत लावलेला साग मात्र साध्या पावसाळ्यातही पिवळा पडतो. त्यास डोक्यावर मोकळे ऊन पाहिजे, आणि दुसऱ्याच्या सावलीत तो खुरटतो. त्याचे पान गुरे खात नाहीत, त्यामुळे त्यास कुंपण कमी लागते. पावसात त्या पानांची कीड जाळी करून टाकते, पण झाड त्याने सहसा मरत नाही. पानांनी झोपड्या शाकारतात. ऐन उन्हाळ्यात मात्र त्याच्या अंगावर पान नसते, म्हणून वाटसरूने त्याच्याखाली सावलीची आशा करू नये.

सागाची खरी थोरवी त्याच्या गाभ्यात आहे. त्या गाभ्यात एक प्रकारचे तेल असते, म्हणून वाळवी त्यास सहसा शिवत नाही. ओकाच्या लाकडातील तुरट आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकिते, आणि सागात रुतलेला खिळा मात्र टिकतो. हे कळले तेव्हा इंग्रजांचे आरमार मुंबईच्या गोदीकडे वळले. तेथे वाडिया घराण्यातील पारशी कारागीर मलबारच्या सागाची जहाजे बांधीत असत. जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या हाताखाली १८१७ साली तयार झालेले त्रिंकोमाली नावाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात पाण्यावर तरंगत आहे. आपल्या मराठी राज्यातही सागाची किंमत जाणलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग तोडावयाचा तो परवानगीने तोडावा असे सांगितले आहे. आंबा व फणस ह्यांस मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्यातील भाव आहे. राज्यकारभाराच्या कागदात एवढा कळवळा क्वचितच आढळतो.

आता धामण. हिला कोणी राजवृक्ष म्हटले नाही. ती सागाच्याच शेजारी, उताराच्या निचऱ्याच्या जमिनीत वाढते. पोर वयात थोडी सावली ती सोसते. उन्हाळ्यात तिला बारीक पिवळी फुले येतात व पुढे वाटाण्याएवढी आंबटगोड फळे धरतात. पोरे आणि पाखरे ती खातात, आणि बीही पाखरेच पसरवितात. पाला गुरांस आवडतो. सालीच्या तंतूंचे दोर होतात. लाकूड सागाहून काहीसे जड व पुष्कळ चिवट आहे, म्हणून कावडीची काठी, गाडीची दांडी, कुऱ्हाडीचा व कुदळीचा दांडा ह्यांसाठी माणसे धामण शोधितात. ऊनपावसात उघडी पडली तर मात्र ती सागाइतकी टिकत नाही. तिला छपराखाली ठेवावे लागते.

यहेज्केल संदेष्ट्याने सोर नगरीचे वर्णन एका जहाजाच्या रूपाने केले आहे. त्यात फळ्या एका लाकडाच्या, डोलकाठी दुसऱ्या आणि वल्ही तिसऱ्याच, असे तो नावे घेऊन सांगतो. एका झाडाचे जहाज होत नाही. ज्या कुऱ्हाडीने साग पडतो तिचा दांडा सागाचा असता तर तो चार घावांत चिरला असता, कारण साग टिकाऊ खरा, पण धक्का सोसणारा नव्हे. आपल्या मंडळ्यांत ज्यांचे नाव पाटीवर लिहिले जाते असे काही बंधू आहेत. भाकरी बांधून घेऊन वाडीवाडीला पायी जाणारे उपदेशकही आहेत. दुसऱ्यांची नावे कोणत्याच पाटीवर नाहीत, आणि तरी पहिल्यांचे बोलणे वाडीपर्यंत पोहोचते ते त्यांच्याच पायांनी.

यशयाचा हा अध्याय शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी वाचला जातो, हे आम्हांस रुचत नाही. त्यातील सुतार आपल्याच घरात बसलेला आहे. १९९० नंतर काही वर्षे वर्तमानपत्रांत सागाच्या बागांच्या मोठमोठ्या जाहिराती येत असत. आज काही हजार रुपये भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या, असा त्यांचा सूर असे. पुष्कळ पगारदारांनी व निवृत्त माणसांनी न पाहिलेल्या जमिनीवरील न पाहिलेल्या झाडांसाठी आपली पुंजी दिली. १९९९ साली सेबीने अशा योजनांस नियम घातले, तोवर कित्येकांचे पैसे बुडाले होते. ज्याने कधी साग चिरलेला पाहिला आहे त्यास हे आधीच कळले असते. पाणी घालून घाईने वाढविलेल्या वीस वर्षांच्या सागात बाहेरचे पांढरे लाकूडच फार असते आणि तेलाचा गाभा थोडा. नैसर्गिक रानातील साग पन्नास, साठ, ऐंशी वर्षे उभा ठेवितात. केरळातील निलंबूर येथे इंग्रजांनी १८४० नंतर ज्या लागवडी केल्या त्यांतील काही झाडे आजही उभी आहेत. लावणाऱ्यांनी ती स्वतःसाठी लाविली नव्हती. पण जाहिरात वाचणाऱ्याने झाड पाहिले नाही, भाव पाहिला, आणि त्या भावापुढे तो हात जोडून बसला. तो बोलत होता एका लाकडाशीच. चुलीतला अर्धा भागही त्याच्या हाती आला नाही, एवढाच त्याच्यात आणि त्या सुतारात भेद.

प्रार्थनामंदिराच्या आवारात कोणते झाड लावावे, असे मंडळ्यांतून विचारले जाते. आमचे सांगणे असे की आवार उताराचे व मोकळे असेल तर एकदोन साग लावा, पण ते नातवंडांचे आहेत असे धरून चाला. शिवाय साग आपल्या जमिनीत असला तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. शहराच्या हद्दीत तर कोणत्याही झाडासाठी वृक्ष प्राधिकरणास विचारावे लागते. धामण मात्र अवश्य लावा. तिची रोपे सागाप्रमाणे सर्वत्र विकत मिळत नाहीत, पण रानाजवळ राहणारे बांधव पिकलेली फळे आणून देऊ शकतील.

सागाची बी फार कठीण असते. ती रात्री पाण्यात भिजवून दिवसा उन्हात वाळवावी, असे आठदहा दिवस करून मग वाफ्यात टाकावी. ती एकदम उगवत नाही, म्हणून वाफा लवकर मोडू नये. वर्षाच्या रोपाचे मूळ वीतभर व खोड दोन बोटे ठेवून बाकीचे छाटावे, आणि असे तोडलेले ठोंब पहिल्या पावसाबरोबर लावावे. धामणीच्या फळांचा गर धुऊन काढावा व बी वाफ्यात पेरावी. दोन्ही झाडे पहिल्या पावसाळ्यात सहज जगतात, आणि तेथेच आपण फसतो. फलक लागतो, प्रार्थना होते, सगळे घरी जातात, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या उन्हाळ्यात रोप वाळून जाते. म्हणून पाणी कोणी घालावयाचे हे लावण्याच्याच दिवशी नावानिशी ठरवावे. जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा बुंध्याशी पाणी द्यावे, भोवती पालापाचोळा पसरावा, आणि गवत कापून ठेवावे, म्हणजे वणवा जवळ येणार नाही. सागास शेळी तोंड लावीत नाही, पण धामण ती मुळापर्यंत खाऊन टाकील. तेव्हा काट्यांचे कुंपण धामणीला घाला, आणि झाड शेळीच्या मानेच्या वर जाईपर्यंत ते काढू नका.