असू दे बरोबर

प्रवासाची सॅक भरताना मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘असू दे बरोबर.’ जास्तीचा स्वेटर, दुसरी टॉर्च, चकलीचा डबा. रेल्वेच्या प्रवासात या वाक्यानं फारसं बिघडत नाही. गाइडसोबत कनूनं, म्हणजे वल्ह्यांच्या निमुळत्या होडीनं, चारपाच दिवसांच्या नदीप्रवासाला जायचं असेल, तर मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून ‘बाउंड्री वॉटर्स’ हा संरक्षित प्रदेश आहे. हजाराहून अधिक तळी आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या. वाटेत धबधबा आला की होडी आणि सामान खांद्यावर घेऊन पुढच्या पाण्यापर्यंत चालायचं. याला ‘पोर्टेज’ म्हणतात. हे अंतर आजही ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे १६.५ फूट, साधारण एका कनूएवढी लांबी. होडीत असताना सामानाचं वजन विसरायला होतं. या पायवाटेवर ते आठवतं, आणि विचारावं लागतं : माझं ‘असू दे’ कोणाच्या पाठीवर आहे?

या भागातल्या वाटांना हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकात फरच्या व्यापाऱ्यांचा माल वाहणारे ‘व्हॉयाजर’ प्रत्येकी ९० पौंडांची दोन गाठोडी, म्हणजे ८० किलोंहून अधिक वजन, एका खेपेत नेत. पिजन नदीचे धबधबे टाळणारी ‘ग्रँड पोर्टेज’ची वाट साडेआठ मैलांची होती. माल एकाचा, पाठ दुसऱ्याची.

गाइडला त्याचेच पैसे मिळतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. त्याला होडी उचलू न देणं हा त्याच्या कसबाचा अपमानच ठरेल. पण पैसे देऊन आपण त्याचं नदीचं ज्ञान आणि ठरलेलं काम घेतो. ‘असू दे’ म्हणून भरलेल्या वस्तू बहुतेकदा आपल्या भीतीपोटी आलेल्या असतात. ती भीती त्या व्यवहारात धरलेली नसते.

मग सर्वांत कमी सामान आणणारा सर्वांत सज्जन? तसंही नाही. रेनकोट न आणणारा पहिल्या पावसात दुसऱ्याचा मागतो. गार वाऱ्यात भिजून तो कुडकुडू लागला, की सगळ्यांना थांबून शेकोटी पेटवावी लागते. त्याची हलकी सॅकही दुसऱ्यांच्या जिवावरच हलकी असते.

म्हणून नुसतं वजन करून भागत नाही. प्रत्येक वस्तूबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात : मी दमलो तर ही कोण उचलेल? आणि ही नसली तर कोणाला त्रास होईल? प्रथमोपचाराची पेटी जड असली तरी दुसऱ्या प्रश्नावर टिकते. तिसरी जीन्स दोन्हींवर नापास होते.

बाउंड्री वॉटर्समध्ये खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. नियम एवढंच सांगू शकतो. उरलेलं ज्याचं त्यानं सॅकची चेन लावण्याआधी ठरवायचं.