नाक्यावरील एक निमिष

गडचिरोलीकडील आमच्या वाचकांस पोलिसांचा नाका म्हणजे काय हे सांगावयास नको. रात्रीची वेळ, रस्त्यावर आडवा अडसर, विजेरीचा झोत, आणि "थांबा" अशी हाक. गाडी थांबली नाही, तर बंदूकधारी शिपायाने काय करावे? विचार करण्यास त्यास एक निमिष मिळते.

त्याची भीती खोटी नव्हे. 8 ऑक्टोबर 2009 रोजी लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. 1 मे 2019 रोजी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने 15 पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक गेला. ज्याने असे सोबती गमावले, त्याचा न्याय घरी अंथरुणावर पडून करणे फार सोपे आहे. परंतु गाडीतल्या मनुष्याकडेही पाहावे. त्यास हाक ऐकू आली नसेल, किंवा माडिया बोलणाऱ्या त्या मनुष्यास ती कळली नसेल. अंधारात गणवेश दिसला तरी तो पोलिसाचा की नक्षलवाद्याचा, हे त्याने कसे ओळखावे? दोघेही भ्याले, आणि बंदूक मात्र एकाच्याच हाती!

म्हणून आम्हांस वाटते की, त्या निमिषाचा दोष केवळ त्या निमिषात शोधू नये. वळणावर दिव्यावाचून नाका कोणी लावला? तेथील भाषा जाणणारा एकही शिपाई का ठेवला नाही? 1990 साली सी-60 दल उभारताना जिल्ह्यातीलच तरुण घेतले; ते रान जाणत व बोलीही जाणत. हाक मारण्याच्या कामी हे थोडे नव्हे.

आणि गोळी सुटल्यावर काय? पुढे तर वेळ पुष्कळ असतो. मोशेच्या नियमशास्त्रात, नकळत हत्या करणाऱ्यासाठी सहा शरणपुरे होती. तथापि त्यासही मंडळीपुढे उभे राहून न्याय घ्यावा लागे. आश्रय होता, पण चौकशी चुकत नसे.

आमच्या काळी काय घडले ते पाहा. 4 डिसेंबर 2021 रोजी नागालँडात ओटिंगजवळ दबा धरून बसलेल्या सैनिकांनी खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. सहा जण मेले. इशारा देऊनही गाडी पळू लागली, असे संसदेत सांगण्यात आले. वाचलेल्या मजुराने म्हटले, इशारा झालाच नाही. नागालँड पोलिसांनी 30 सैनिकांवर आरोपपत्र ठेवले, पण केंद्र सरकारने खटल्यास परवानगी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बंद केली. इशारा झाला होता काय, हा प्रश्न साक्षीपुराव्यासाठी खटल्यात उभा राहिलाच नाही.