टाचणी कोणीकडे सरकवावी?



सन २०२३ च्या आगस्ट महिन्यांत जर्मनीतील बर्लिन शहरीं तिरंदाजीचे जागतिक सामने झाले. त्यांत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत जगज्जेतीं ठरलीं. अंतर ५० मीटर. दहा गुणांचें वर्तुळ अवघें ८ सेंटिमीटर रुंद. अंतिम सामन्यांत ओजसानें सोडिलेले पंधराही बाण त्या वर्तुळांत लागले.

ह्या धनुष्यावर नेम धरण्यासाठीं भिंग व त्यांत एक बारीक टाचणी किंवा ठिपका असतो. नेम धरतांना ती टाचणी अगदीं स्थिर कधींच राहत नाहीं. मध्याभोंवतीं डुलत असते. कसलेला तिरंदाज तिचें डुलणें बळानें थांबवूं पाहत नाहीं. तो दृष्टि लक्ष्याच्या मध्यावर ठेवितो. टाचणीकडेच टक लावून, ती मध्यावर येतांच घाईनें बाण सोडिला, तर हाताला झटका बसून नेम चुकतो. आपल्या परभणीकडे ज्वारी पेरणारा हें जाणतो. बैलांच्या खुरांकडे पाहत तिफण हांकली तर ओळ वांकडी जाते, समोरच्या बांधावर नजर असली म्हणजे सरळ येते.

परंतु नीट सोडिलेले बाण वारंवार डावीकडेच पडूं लागले, तर दोष टाचणीच्या जागेचा होय. तेव्हां ती कोणीकडे सरकवावी? नवशिका म्हणतो, उजवीकडे. नियम उलट आहे. बाण जिकडे पडले तिकडेच टाचणी न्यावी. मग ती पुनः मध्यावर आणतांना धनुष्य आपोआप उजवीकडे वळतें. मात्र एका बाणावरून टाचणीस हात लावूं नये. चार-पांच बाण कोठें पडतात तें आधीं पाहावें.

नव्या करारांत पापासाठीं जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें असाच आहे. शास्ते ह्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायांत बन्यामिनाच्या सातशें गोफणकऱ्यांचा नेम चुकत नसे असें सांगितलें आहे; तेथील इब्री क्रियापदच अन्यत्र पाप करणें ह्या अर्थीं येतें.

प्रार्थनेंत मन डुललें म्हणून कित्येक जण प्रभुभोजनापासून दूर राहतात. बंधूंनो, तें टाचणीचें डुलणें आहे. दृष्टि ख्रिस्ताकडे ठेवा व या. एखाद्या तरुणाचा एक बाण चुकला म्हणून त्यास मंडळींतून तोडूं नका. पण आठवड्यामागून आठवडा आपला बाण एकाच ठिकाणीं पडत असेल, तर त्या ठिकाणापासून तोंड फिरवूं नका. बांधाच्या भांडणावरून ज्या भावाशीं अबोला धरिला आहे, त्याच्याच दारीं चालत जा. चूक जेथें पडली तेथें गेल्यावांचून नेम सुधारत नाहीं. ह्या कामीं प्रभु आपणां सर्वांस साह्य करो.