दुहेरी नोंद

परदेशी जाऊन आलेल्या माणसानं प्रवासवर्णन लिहायचं असतं, असा मराठीत एक अलिखित नियम आहे. आणि सगळे मराठी लोक पाळतात असा हा बहुधा एकमेव नियम असावा. मीही ताईकडे मेलबर्नला तीन आठवडे राहून आलो आहे. पण पेंग्विन बघायला गेलो त्या संध्याकाळी वाऱ्यानं माझे डोळे उघडत नव्हते, आणि समुद्राकाठच्या त्या जगप्रसिद्ध रस्त्यावर मला गाडी लागली. तेव्हा निसर्गावर लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे. उरलेले दिवस पाऊस पडला.

ताई आणि भावजी कामावर, भाचा शाळेत. घरात मी आणि भांडी घासणारं एक यंत्र. आमचं दोघांचं फारसं जमेना. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तू लायब्ररीत जा ना. फुकट आहे."

बँकेतल्या माणसाला याहून जास्त आग्रह करावा लागत नाही.

स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या त्या मोठ्या वाचनालयाला १९१३ साली बांधलेला एक प्रचंड घुमट आहे. त्याच्याखाली बसून वाचायचं. घुमट म्हटला की आम्हांला विजापूर आठवतं. तिथं कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जातं म्हणून माणसं मुद्दाम कुजबुजतात. इथं ऐकू जाईल या भीतीनं कुणी खाकरतसुद्धा नव्हतं. मी शहराच्या इतिहासाची पुस्तकं मागवली. खरं सांगायचं तर मी बी.कॉम. इतिहासाशी माझा संबंध दहावीला तुटला, तोही परस्परसंमतीनं. शिवाय जे शहर १८३५ साली वसलं, त्याला इतिहास असून असून असणार किती? आमच्या आळीतला मारुती त्याहून म्हातारा आहे. पण पुस्तकांची चवड आली आणि माझी हनुवटी तिच्यामागे दिसेनाशी झाली.

सगळ्यांत वरती होता गॅरिओवेन. हे टोपणनाव. खरं नाव एडमंड फिन. आधी वार्ताहर, आणि मग कित्येक वर्षं तिथल्या विधान परिषदेच्या कागदपत्रांचा कारकून! मी खुर्चीत सावरून बसलो. आमच्या जातीचा माणूस. या गृहस्थानं १८८८ साली सुरुवातीच्या मेलबर्नची बखर दोन जाडजूड खंडांत छापली. कोण कुणाशी भांडलं, कुठला पूल वाहून गेला, सगळं. कारकुनाला लोक समोर बसवून बोलतात आणि तो ऐकतो आहे हे विसरतात. इतिहासकाराला याहून चांगली खुर्ची कुठली?

दुसरं पुस्तक रॉबिन ॲनिअर या बाईंचं, १९९५ सालचं. त्याचं नाव 'बेअरब्रास'. १८३७ साली विलायतेच्या पंतप्रधानांवरून मेलबर्न हे नाव पडलं. त्याआधी या वस्तीला जी अनेक नावं होती त्यांतलं हे एक. दुसरं एक होतं 'बॅटमेनिया'. मी ते मोठ्या कौतुकानं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तो वटवाघूळवाला बॅटमन नाही हं." मला माहीत होतं. म्हणजे, पुढच्या पानावर कळलं होतं.

हा जॉन बॅटमन टास्मानियातून आला आणि जून १८३५ मध्ये त्यानं तिथल्या मूळ रहिवाशांच्या आठ प्रमुखांशी जमिनीचं खत केलं. एक मोठं आणि एक लहान, दोन खतं मिळून सहा लाख एकर. आता खत म्हटलं की आमच्या अंगात येतं. मी चष्मा पुसला. विकणाऱ्याला खताची भाषा येत नाही, घेणाऱ्याला विकणाऱ्याची येत नाही. सह्यांच्या जागी ज्या खुणा आहेत त्या सगळ्या एकाच हातच्या असाव्यात, अशी अभ्यासकांना शंका. पाहुण्याला आपल्या मुलखातून वाटेनं जाऊ द्यायचा एक रिवाज त्या लोकांत होता, त्यांना तेवढंच वाटलं असेल, असं काहींचं मत. आमच्या शाखेत असं खत तारण म्हणून आलं असतं तर शिपायानंसुद्धा परत केलं असतं.

किंमत? मोठ्या खताला रोख म्हणून वीस जोड्या ब्लँकेटं, तीस कुऱ्हाडी, शंभर सुऱ्या, तीस आरसे, दोनशे हातरुमाल, शंभर पौंड पीठ आणि सहा शर्ट वगैरे. आणि दरसाल खंड: शंभर जोड्या ब्लँकेटं, शंभर सुऱ्या, शंभर कुऱ्हाडी, पन्नास पोशाख, पन्नास आरसे, पन्नास कात्र्या, पाच टन पीठ. मी सवयीनं कागद ओढला. १८३६ पासून २०२५ पर्यंत १९० हप्ते. म्हणजे १९,००० जोड्या ब्लँकेटं, ९,५०० आरसे आणि ९५० टन पीठ. व्याज धरलेलं नाही.

हे खत ऑगस्ट १८३५ मध्ये गव्हर्नर बुर्क यांनी रद्द केलं. मला वाटलं, शाबास! सहा शर्टांत मुलूख घेता काय! पण कारण पुढं होतं. खत रद्द, कारण जमीन विकणाऱ्यांची मुळात नव्हतीच. ती सगळी इंग्लंडच्या राजाची. म्हणजे आरसेही गेले आणि पीठही गेलं.

खरी गंमत पुढं आहे. १८८१ साली लोकवर्गणीतून या बॅटमनचं स्मारक उभारलं. त्या दगडावर कोरलं, की त्यानं वस्ती केली तेव्हा ही जागा रिकामी होती. रिकामी! अहो, ज्या माणसाची सारी कीर्ती एका खरेदीखतावर उभी आहे, त्यानं ते खत केलं कुणाशी? रिकाम्या जागेच्या आठ मालकांनी खुणा कशा केल्या? ताळेबंदाची एक बाजू कोरायची आणि दुसरी गाळायची, असला हिशेब आम्ही पहिल्या वर्षाला नापास करतो.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाड लेजरं अजून जिवंत होती. पहिल्याच आठवड्यात माझी एक नोंद चुकली आणि मी ती ब्लेडनं खरवडली. हेडक्लार्कनी पान उजेडात धरलं. म्हणाले, "चूक केलीत, त्याचं काही नाही. चूक पुसलीत, याची नोकरी जाते." मग शिकवलं. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा. बाजूला सही. १९९२ साली मेलबर्नच्या महापालिकेनं नेमकं हेच केलं, असं मी वाचलं. जुना दगड फोडला नाही. त्यावर आणखी एक पाटी लावली, की तेव्हाची समजूत चुकीची होती, इथं लोक राहत होते. घुमटाखाली बसून मला आमचे हेडक्लार्क आठवले आणि गळ्याशी काहीतरी आलं. पण खाकरायची सोय नव्हती.

चवडीत तळाला होतं ते पुस्तक मात्र थेट आमच्या खात्याचं निघालं. मायकेल कॅननचं 'द लँड बूमर्स', १९६६ सालचं. १८८०च्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनीचे भाव असे चढले की न्हाव्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे प्लॉट घेत सुटले. त्यांच्यासाठी बँका निघाल्या. जेम्स मन्रो हे कडक दारूबंदीवाले सद्‌गृहस्थ. दारू हॉटेलात नको म्हणून ते परवाना जाळायला निघालेले. बँका काढल्या, पुढं मुख्यमंत्री झाले, आणि १८९३ साली बँक आणि मन्रो दोघंही बुडाले. दारू प्यायला नाहीत एवढंच. त्या वर्षी मे महिन्यात सरकारनं पाच दिवस बँक हॉलिडे जाहीर केला. हे वाचताना माझा चेहरा क्षणभर उजळला, हे कबूल करतो. पण ती सुट्टी बँकेतल्या लोकांसाठी नव्हती. दारात उभ्या असलेल्या लोकांपासून होती.

आणि मग कॅननचा खरा शोध. मोठ्या कर्जदारांना कायद्यानं एक चोरवाट ठेवली होती. घेणेकऱ्यांशी खाजगीत तडजोड करायची, पौंडाला चार-दोन पेन्स द्यायचे आणि प्रकरण गुपचूप मिटवायचं. बेंजामिन फिंक यांचं देणं पंधरा लाख पौंडांच्या वर. त्यांनी पौंडाला अर्धा पेनी दिला. म्हणजे शंभर रुपयांना एकवीस पैसे. ही सगळी गुपितं बाडांत सत्तर वर्षं झोपली होती. कॅननसाहेबांनी ती उठवली, आणि नावानिशी छापली.

रात्री जेवताना मी हे रंगवून सांगितलं. भावजी हसले. ताई हसली नाही.

"त्यांची नातवंडं असतील ना रे जिवंत?" ती म्हणाली. "त्यांनी काय पाप केलं? मेलेल्या माणसांचं कशाला उकरायचं?"

"इतिहास आहे तो," मी म्हणालो. दुसऱ्याच्या आजोबांबद्दल बोलताना आवाजाला एक निर्भयता येते.

"हो का? मग कुलवृत्तांताचा कागद भरलास का?"

माझा घास अडकला.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. आमच्या शाखेची माहिती मी द्यायची. (बँकेची नव्हे, घराण्याची. पण दोन्हींकडे पत्रव्यवहार माझ्याच गळ्यात.) जुन्या आवृत्तीत आमच्या घराण्यातला यच्चयावत पुरुष मनमिळाऊ आणि परोपकारी आहे. एक तेवढा 'वास्तव्य अज्ञात' आहे. तो बहुधा मनमिळाऊ नसावा. प्रश्न होता आमच्या आजोबांचा, अण्णांचा. अण्णा गावच्या पतपेढीचे खजिनदार होते. घरात सांगायचे, की दम्यामुळे त्यांनी ते काम सोडलं. दमा होता हे खरं. पण अण्णांनी साडूच्या भातगिरणीला तारणाशिवाय पैसे दिले, गिरणी बसली आणि १९६१ साली पतपेढीही बसली. त्यात खानावळ चालवणाऱ्या एका विधवा बाईंचे दोन हजार रुपये होते. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले.

"काय लिहिणार आहेस?" ताईनं विचारलं.

"दमा," मी म्हणालो.

रात्री झोप येईना. वकिली पुस्तकात एक नियम आम्ही पाठ केला होता: बापाच्या कर्जाला वारस जबाबदार असतो, पण मिळालेल्या मालमत्तेपुरताच. मग अण्णांकडून मला मिळालं काय? शेत नाही, घर नाही. मिळालं ते नाव. "अमक्यांचा नातू का? या, बसा," असं म्हणून पुढं सरकवलेल्या खुर्च्या. त्या मी बिनतक्रार वापरल्या आहेत. त्या मेलबर्नच्या नातवंडांनाही अशा खुर्च्या मिळाल्याच असतील. आणि एवढं मोठं शहरच एका रद्द झालेल्या खतावर खुर्ची टाकून बसलं आहे. नातू गुन्हेगार नसतो, मान्य. पण खातं त्याच्या नावावर आलेलं असतं, आणि निदान मागची पानं फाडायची नाहीत एवढं त्याच्याकडे लागतं.

आणि तेव्हा मला बाबांची ट्रंक आठवली. बाबा गेल्यावर तिच्यात मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक जुडगा सापडला होता. दरमहा पंधरा रुपये, त्या खानावळवाल्या बाईंच्या नावे. १९६४ ते १९७५. प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून, आईलासुद्धा न सांगता. १३२ पावत्या मी तेव्हाच मोजल्या होत्या.

सकाळी चहाला मी ताईला म्हणालो, "दमा लिहिला तर बाबा जातात."

"म्हणजे?"

"अण्णांचं देणं पुसलं, की बाबांनी ते कशाला फेडलं? मग बाबा म्हणजे दरमहा उगाच कुणा बाईला पैसे पाठवणारा माणूस. दुहेरी नोंद असते ताई. नावे पुसलं की जमाही पुसली जाते."

ताईनं बराच वेळ चहा ढवळला. तिला साखर चालत नाही.

"किती भरले रे बाबांनी एकूण?"

"एक हजार नऊशे ऐंशी."

"आणि होते दोन हजार? मग वीस राहिले की!"

आमच्या शाखेत वीस रुपयांचा फरक आला तर ताळा जमेपर्यंत कुणी घरी जात नाही. हा फरक मी वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन हिंडतो आहे. दोन पावत्या हरवल्या असतील, बाई गेल्या असतील, की बाबा थकले असतील?

"वीस रुपये फरक म्हणून दाखवायचा," मी म्हणालो. "पुसायचा नाही."

"लिही मग," ताई म्हणाली. "पण दमाही लिही. तो खोटा नव्हता."

परत आल्यावर मी चार ओळी लिहून धाडल्या. दमा, भातगिरणी, पतपेढी, १३२ मनीऑर्डरी, फरक रुपये वीस. पंधरा दिवसांनी मंडळाच्या चिटणीसांचं उत्तर आलं. मजकूर आक्षेपार्ह आहे वगैरे काही त्यांनी म्हटलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं:

"माहिती पोचली. छापू. 'मनमिळाऊ' लिहायचं राहिलं आहे, ते आम्ही घालून घेतो."