रिकाम्या कॅप्सूलचे ऋण

सिस्टेमिक स्क्लेरोसिस या व्याधीत त्वचा ताठरते आणि पुष्कळांची फुफ्फुसेही कठीण होत जातात. अशा ५७६ रुग्णांवरील एका चाचणीचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना निंटेडॅनिब हे औषध, तर निम्म्यांना औषधविरहित कॅप्सूल वर्षभर देण्यात आली; कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांसही अज्ञात होते. फुफ्फुसांच्या क्षमतेची वार्षिक घट पहिल्यांत सुमारे ५२, तर दुसऱ्यांत ९३ मिलिलिटर भरली.

आजाऱ्याच्या हाती रिकामी कॅप्सूल देणे न्याय्य आहे काय? औषधाचा गुण अनिश्चित असताना, सर्व जाणून त्याने संमती दिली असेल, तर होय. परंतु संमतीने ऋण फिटत नाही. त्या ९३ वाचून ५२ ला अर्थच नाही. हे औषध रोग बरा करीत नाही, केवळ फुफ्फुसांची हानी मंद करते. तेही निर्धनाच्या हाती पोहोचले नाही, तर त्या रुग्णांचे ते वर्ष आपण कोणासाठी मागून घेतले?